मेलेल्या गाडीचा सातबारा

राधानगरी तालुक्यात रेल्वे नाही. कधीच नव्हती. आपल्याला गाडी धरायची तर एस.टी.नं कोल्हापूर गाठावं लागतं. कोल्हापूरची लाइनही संस्थानानं मिरजेपर्यंत बांधलेली, 1891 साली सुरू झालेली. तिथून पुढं घाटाकडं रूळ काही आले नाहीत. मग या अंकात आम्ही लांब विदर्भातल्या बंद पडलेल्या स्टेशनांचा इतिहास कशाला सांगत बसलोय, असं कुणीही विचारेल. आणि विचारावंच.

त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, आपल्या वाड्यावस्त्यांवरचे वनहक्काचे दावे 'पुरावा अपुरा' असा शेरा घेऊन माघारी येतायत. तीन पिढ्या ज्या रानात राहिलो, गुरं चारली, नाचणी पेरली, त्या रानात आपण होतो हेच आपल्याला सिद्ध करता येत नाही म्हणे. दुसरं, कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे. 2016–17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तिला मान्यता मिळाली. शंभर किलोमीटरच्या वरची ही लाइन सह्याद्री फोडून कोकणात उतरणार. आज ना उद्या मोजणीवाले येतील, खुणेचे दगड रोवतील, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांना सांगतील की हे देशाचं काम आहे, अडवू नका. तेव्हा देशाच्या कामासाठी एकदा दिलेल्या जमिनीचं पुढं काय होतं, हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: या देशात कागद असेल तर वापर नसला तरी जमीन राहते, आणि कागद नसेल तर पिढ्यानपिढ्यांचा वापरही धुळीला मिळतो. रेल्वेला एक माप आणि रानातल्या माणसाला दुसरं. विदर्भातली शकुंतला गाडी हा त्याचा सगळ्यात उघडा पुरावा आहे.

शकुंतला कशी आली

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातलं, मुंबई–नागपूर मोठ्या लाइनीवरचं जंक्शन. तिथून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे निघतात. एक दक्षिणेला कारंजा, दारव्हा, लाडखेड करत यवतमाळला जातो, 113 किलोमीटर. दुसरा उत्तरेला अंजनगाव करत अचलपूरला, सुमारे 77 किलोमीटर. लोक या गाडीला लाडानं 'शकुंतला' म्हणत आले.

लाडाचं नाव लोकांनी दिलं, पण लाइन काही लोकांसाठी बांधली नव्हती. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. इंग्रजांनी 1853 साली तो निजामाकडून कारभारासाठी घेतला. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. मोठी लाइन 1867 साली नागपूरला पोचली. पण कापूस पिकायचा आडबाजूच्या गावांत. तो बैलगाडीनं मोठ्या लाइनीवर आणायला वेळ आणि पैसा जायचा. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि हे फाटे टाकले. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मुंबईला, मुंबईहून बोटीनं विलायतेला. गाडी ओढणारं इंजिनही मँचेस्टरलाच बनलेलं. ते 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत या रुळांवर चाललं. त्यानंतर डिझेल आलं. म्हणजे कापूस गेला मँचेस्टरला आणि इंजिन आलं मँचेस्टरहून. मधल्या माणसाला काय मिळालं? रूळ टाकायची मजुरी आणि तिसऱ्या वर्गाचं तिकीट.

आता जमिनीचं बघा. त्या काळी अशा कामासाठी जमीन घ्यायचं हत्यार होतं 1894 चा भूसंपादन कायदा. 'सार्वजनिक प्रयोजन' एवढे दोन शब्द लिहिले की झालं. शेतकऱ्यानं हरकत घ्यायची ती भावाबद्दल. जमीन द्यायची की नाही हे त्याच्या हातात नव्हतं. नफा एका खासगी पेढीचा, आणि प्रयोजन मात्र सार्वजनिक! हा खेळ आज नवा वाटतो, पण तो शंभर वर्षांचा जुना आहे.

देश स्वतंत्र झाला. 1951 साली रेल्वेची फेरमांडणी होऊन आजचे विभाग घडायला लागले, बहुतेक कंपन्यांच्या लाइनी सरकारच्या झाल्या. ही लाइन मात्र राहून गेली. गाड्या रेल्वेखातं चालवायचं, पगार रेल्वेखातं द्यायचं, रूळ मात्र कंपनीचे, आणि त्या रुळांसाठी कंपनीला मोबदला जायचा. कुळकायदा आला, जमीनदारी गेली, संस्थानं विलीन झाली, राजांचे तनखे बंद झाले. विलायती पेढीनं टाकलेल्या लाइनीचा करार मात्र कागदाच्या जोरावर टिकून राहिला. कागदाची ताकद काय असते ती इथं दिसते.

स्टेशन कसं मेलं

लाडखेडसारखं लहान स्टेशन डोळ्यांसमोर आणा. अशा स्टेशनांवर शेवटी शेवटी माणूसच ठेवला नव्हता. गाडी थांबली की गार्ड स्वतः खाली उतरायचा, तिकिटं द्यायचा आणि पुन्हा गाडीत चढायचा. सिग्नल दाखवायला, इंजिन जोडायला-सोडायला तीच दोन-चार माणसं. यवतमाळहून मूर्तिजापूरला पोचायला अख्खा दिवस जायचा. एस.टी. कितीतरी आधी पोचायची, पण तिचं तिकीट महाग. त्यामुळं शकुंतलेत बसायचे ते शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया, पोरं, म्हातारी माणसं. ज्याच्याकडं वेळ आहे आणि पैसा नाही, त्याची ही गाडी.

यवतमाळ हा कोलाम, गोंड, परधान, आंध या आदिवासींचा जिल्हा. दुसऱ्या टोकाला अचलपूरच्या वर मेळघाट, म्हणजे कोरकूंचा मुलूख. अचलपूरला लागून परतवाडा, मेळघाटच्या सागवानाच्या व्यापाराचं गाव. या मुलखातल्या गरिबाला परवडणारं तेच एक वाहन होतं.

मग ते बंद कसं झालं? एका दिवसात कुणी बंद केलं नाही. दुरुस्ती थांबली. रूळ खराब झाले म्हणून वेग कमी केला. वेग कमी म्हणून माणसं कमी झाली. माणसं कमी म्हणून तोटा वाढला. तोटा वाढला म्हणून फेऱ्या कमी केल्या. फेऱ्या कमी झाल्यावर जी माणसं उरली होती तीही गेली. आणि शेवटी सांगितलं की या गाडीला कुणी बसत नाही. शाळा बंद करताना, दवाखाना बंद करताना, मुक्कामाची एस.टी. बंद करताना आपल्याकडं हेच सांगतात. आधी उपाशी ठेवायचं, मग म्हणायचं भूक लागत नाही म्हणून मेला.

ब्रॉडगेज करू म्हणून घोषणा झाल्या. तिकडच्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, आजही देतायत. त्या मागणीला आमचा पाठिंबा आहे. गरिबाची गाडी परत मिळालीच पाहिजे. पण आज गाडी बंद आहे. रुळांवर झाडोरा वाढलाय.

आणि जमीन? जमीन जिथल्या तिथं आहे. हद्दीचे दगड जागेवर आहेत. दोन्ही बाजूंची पट्टी, स्टेशनाचं आवार, क्वार्टर्सची जागा, मालधक्का, सगळं कागदावर शाबूत. गाडी येवो न येवो. पलीकडच्या शेतकऱ्यानं नांगर हातभर आत घातला तर तो अतिक्रमणदार. रेल्वेनं वर्षानुवर्षं त्या जमिनीकडं ढुंकून बघितलं नाही तरी ती मालक. तिला कुणी विचारत नाही, बाई, तू इथं काय करतेस, तुझा वापर दाखव.

ही एकट्या शकुंतलेची गोष्ट नाही. देशभरात रेल्वेकडं चाळीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन मोकळी पडून आहे, हे सरकारनंच वेळोवेळी सांगितलंय. त्या जमिनीचं काय करायचं ठरलं? मूळ मालकाला परत? भूमिहीनांना वाटप? नाही. 2005 साली रेल्वेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि रेल्वे भूमी विकास प्राधिकरण काढलं. काम काय, तर मोकळ्या जमिनीचा व्यापारी विकास. मॉल, हॉटेलं, टॉवर. घेताना सार्वजनिक प्रयोजन, वापरताना व्यापार.

सुप्रीम कोर्टानं 1997 साली केरळमधल्या एका खटल्यात सांगून टाकलं की सार्वजनिक कामासाठी घेतलेली जमीन उरली तर ती जुन्या मालकाला परत देता येत नाही. दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा. म्हणजे ज्याची जमीन होती त्यानं लिलावात बोली लावून ती विकत घ्यायची! 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यात कलम 101 आलं. त्यात म्हटलंय, पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेत परत जाईल. 'किंवा' या शब्दात सगळी मेख आहे, मालकाला की बँकेला हे सरकार ठरवणार. त्यातही रेल्वेचा 1989 चा कायदा चौथ्या परिशिष्टात टाकून बाजूला ठेवलाय. 2015 च्या आदेशानं मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी रेल्वेला लागू केल्या, पण पाच वर्षांचं ते घड्याळ लागू केलं नाही. रेल्वेनं स्वतःच्या कायद्यानं जमीन घेतली की ती कायमची गेली, असं समजून चाला.

रेल्वे आणि जंगलखातं ही सख्खी भावंडं

आता कुणी म्हणेल, रेल्वेचं रेल्वेपाशी, आपलं भांडण जंगलखात्याशी आहे. त्यांनी जरा इतिहास बघावा. हे जंगलखातं रेल्वेच्या पोटीच जन्माला आलंय.

रूळ टाकायला स्लीपर लागतात. तेव्हा ते लाकडाचे असायचे. एका मैलाला पावणेदोन हजार ते दोन हजार स्लीपर, आणि दहा-पंधरा वर्षांत ते कुजले की पुन्हा नवे. साग, साल, देवदार अशी टणक झाडंच त्याला चालायची. ठेकेदारांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले. इंग्रज सरकारला भीती वाटली की असंच चाललं तर रेल्वेला लाकूड उरणार नाही. म्हणून 1864 साली त्यांनी जंगलखातं काढलं आणि जर्मनीच्या ब्रँडिस साहेबाला त्यावर बसवलं. लगेच 1865 चा कायदा आला, मग 1878 चा, मग 1927 चा. तो 1927 चा कायदा आजही चालू आहे.

झाडं तोडली ठेकेदारांनी, ती लागली रेल्वेला, आणि जंगलाचा नाश करणारे म्हणून नाव कुणाचं झालं? आपलं. गुरं चारणाऱ्या धनगराचं, कुमरी शेती करणाऱ्याचं, मोळी विकणाऱ्या कातकऱ्याचं. चोरानंच पंचनामा लिहिला.

गुजरातच्या हद्दीवरच्या डांगात बघा. बिलिमोरा ते वघई ही अडीच फुटी लाइन बडोद्याच्या गायकवाडांनी टाकली. तिकडं कापूस नव्हता, डांगचं सागवान होतं. झाड गाडीत बसून गेलं, आणि झाडाखालचा भिल्ल, कोकणा, वारली आपल्याच रानात गुन्हेगार ठरला.

1927 च्या कायद्यात राखीव जंगल कसं करायचं ते दिलंय. सरकार जाहीरनामा काढणार, आणि ज्याचा काही हक्क असेल त्यानं मुदतीत येऊन सांगायचं. मुदत कमीत कमी तीन महिने. जो सांगणार नाही त्याचा हक्क संपला. तीन महिने! पावसाळ्यात ज्या वाडीचा बाहेरशी संबंधच तुटतो, जिथं वाचता येणारं माणूस नाही, तिथल्या लोकांनी जाहीरनामा वाचून तीन महिन्यांत कचेरीत यायचं होतं. आले नाहीत. कसे येणार? हक्क संपले.

आपल्याकडं तेव्हा इंग्रजांचं राज्य सरळ नव्हतं, कोल्हापूर संस्थान होतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण घातलं, 1902 साली मागासलेल्या जातींना पन्नास टक्के जागा राखून दिल्या. त्यांचं ऋण आम्ही मानतो. पण दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं हेही खरं आहे. संस्थान 1949 साली विलीन झालं. 1958 साली दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं. 1985 साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, 351 चौरस किलोमीटरचं. राजाची शिकार गेली, गव्याचं संरक्षण आलं. दोन्ही वेळा नकाशावर रेघ ओढताना रेघेच्या आतल्या माणसाला विचारलं नाही.

पंचाहत्तर वर्षांचं कोडं

आता माप बघा, दोन्ही बाजूंना लावून.

2006 साली वनहक्क कायदा आला. पिढ्यानपिढ्यांच्या लढ्यानं तो मिळवला. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झालाय आणि तो दूर करायचाय. अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचाय. पण आपले धनगरवाड्यातले लोक सरकारच्या यादीत अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतात. त्यांनी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवायची. 13 डिसेंबर 2005 मधून पंचाहत्तर वजा करा. येतं 1930 साल.

1930 साली इथं कोल्हापूर दरबारचा कारभार होता. कागद मोडीत. रेशनकार्ड नाही, मतदारयादी नाही, ग्रामपंचायतीची घरपट्टी नाही. गुरामागं रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराचं घर कुठल्या चोपडीत लिहिणार? आणि आज त्याच्या नातवाला म्हणायचं, आण 1930 चा कागद. आमची एक म्हातारी म्हणाली ते बरोबर आहे: "कागूद आमच्याकडं असता, तर ही येळच का आली असती?"

एकीकडं शकुंतला. कापूस नेणारी विलायती पेढी, तिचा शंभर वर्षांपूर्वीचा करार देशानं इमानेइतबारे पाळला. दुसरीकडं धनगरवाडा. इथं माणसं आहेत, घरं आहेत, देव आहेत, विहीर आहे, बांध आहेत, पुरलेली पितरं आहेत. पण कागद नाही. म्हणून पेढीचा हक्क हा हक्क, आणि आपला हक्क म्हणजे अतिक्रमण.

रेल्वेला वापर दाखवायला मुदत नाही. आपल्या बापजाद्यांना हक्क सांगायला तीन महिने होते. आपल्याला हक्क सिद्ध करायला पंचाहत्तर वर्षं लागतात. घड्याळ एकच असेल तर हे तीन आकडे कुठून आले, याचं उत्तर आम्हाला कुणीतरी द्यावं.

13 फेब्रुवारी 2019 रोजी तर सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढा असा हुकूम दिला. देशभर गदारोळ झाला म्हणून 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. पंधरा दिवस लाखो कुटुंबांच्या डोक्यावर तलवार होती. बंद स्टेशनाच्या आवाराला असा हुकूम कुणी कधी दिलाय का?

काही लोक म्हणतील

काही लोक म्हणतील, रेल्वेची जमीन म्हणजे जनतेची जमीन. ती वाटली तर देशाचं नुकसान. आम्ही विचारतो, जनता म्हणजे कोण? ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती जमीन दिली ते जनतेत येत नाहीत का? आणि जनतेची आहे म्हणता, तर व्यापारी प्राधिकरणाला देताना जनतेला विचारलंत का?

काही म्हणतील, उद्या गाडी पुन्हा सुरू करायची झाली तर जागा लागेल. बरोबर आहे. रुळांची पट्टी ठेवा की. पण मग तारीख सांगा. अमुक वर्षांत गाडी सुरू करतो, नाही केली तर जमीन ग्रामसभेच्या ताब्यात. तारीख न सांगता अडवून ठेवलेल्या जमिनीला आम्ही साठेबाजी म्हणतो. धान्याची साठेबाजी गुन्हा असेल तर जमिनीची का नाही?

आणि काही आपलेच लोक म्हणतील, तुम्ही रेल्वेच्या विरोधात आहात, विकासाच्या विरोधात आहात. साथींनो, आम्ही रेल्वेच्या विरोधात नाही. शकुंतलेत बसणारी माणसं आपलीच होती. कोकणातल्या पाहुण्याकडं जायला स्वस्त गाडी मिळाली तर आपल्याला नको आहे का? आमचा विरोध दुहेरी मापाला आहे. या तालुक्यानं धरणाला जमीन दिली, अभयारण्याला दिली, बॉक्साइटच्या खाणीला डोंगर दिला. देण्यात आपण कधीच मागं नव्हतो. आता घेणाऱ्यानं अटी ऐकायच्या.

वैभववाडीच्या लाइनीबद्दल आत्ताच बोला

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. 3 ऑगस्ट 2009 च्या केंद्राच्या परिपत्रकानं असं ठरलं होतं की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी तिथले वनहक्क निकाली निघाले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. पण फेब्रुवारी 2013 मध्ये रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांब रेषेतल्या कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. म्हणजे तेव्हा खाणीला विचारावं लागायचं, रेल्वेला नाही. वाडीच्या मधोमध रूळ गेले तरी म्हणे ही नुसती एक रेघ आहे. रेघ नकाशावर बारीक असते. जमिनीवर ती गुरांची वाट तोडते, पाण्याचा झरा तोडते, वरचं रान आणि खालची वाडी वेगळी करते.

संमतीतून सूट दिली तरी वनहक्क कायदा रद्द झालेला नाही. कलम 4 (5) सांगतं की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हलवता येत नाही. म्हणून मोजणीच्या आधी दावे दाखल पाहिजेत. लाइनीच्या वाटेवर जे गाव दावा न टाकता बसेल, तिथं कुणी राहतच नव्हतं असं उद्या लिहिलं जाईल.

आमच्या मागण्या अशा:

1. रेल्वेला आणि वनहक्काच्या दावेदाराला एकच माप लावा. पाच वर्षांत वापर नाही तर जमीन परत, ही तरतूद रेल्वेच्या कायद्यानं घेतलेल्या जमिनीलाही लागू करा. परत म्हणजे मूळ कुटुंबाला. ते सापडत नसेल तर ग्रामसभेला. जमीन बँकेला नको.

2. बंद लाइनी आणि बंद स्टेशनांची मोकळी जमीन व्यापारासाठी देण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव घ्या. शकुंतलेच्या पट्ट्यातल्या भूमिहीन आदिवासींचा पहिला हक्क माना.

3. कोल्हापूर–वैभववाडी लाइनीच्या वाटेवरचे सगळे वनहक्क दावे आधी निकाली काढा. रेल्वेला सूट असली तरी ग्रामसभेचा ठराव घ्या.

4. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा म्हणून 1930 चा कागद मागणं थांबवा.

आपलं काम

मागण्या करून घरी बसायचं नाही. कागदाची लढाई कागदानंही लढावी लागते. पुढच्या महिन्यात प्रत्येक वाडीत बैठक घ्या आणि ही कामं वाटून घ्या.

नियम 13 वाचा. कार्यकर्त्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यात लिहिलंय की दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा हा पुरावा आहे. घर, बांध, सपाट केलेली जमीन हा पुरावा आहे. वंशावळ हा पुरावा आहे. संस्थानांनी दिलेल्या सवलतींचे, हक्कांचे कागद हाही पुरावा आहे. आपल्याला तर कोल्हापूर दरबारची दफ्तरं आहेत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात जा, चराईच्या, फाळ्याच्या नोंदी धुंडा. मोडी वाचणारा माणूस आपल्यात नसेल तर शोधा, दोन पोरांना मोडी शिकवा.

असे एकाहून जास्त पुरावे जोडा. उपग्रहाचा फोटो दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असेल तर सांगा, 2012 च्या दुरुस्त नियमांत लिहिलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही. आणि पंचाहत्तर वर्षं ही त्या भागात राहिल्याची आणि जंगलावर जगल्याची दाखवायची आहेत. अमुक एक तुकडा पंचाहत्तर वर्षं कसला हे दाखवायची गरज नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं 2008 सालीच हा खुलासा केलाय. कचेरीत कुणी दुसरं सांगायला लागलं तर तो खुलासा पुढं ठेवा.

दावा नामंजूर झाला असेल तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करा. तोंडी उत्तर घेऊन माघारी येऊ नका.

म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. हे काम थांबायचं नाही. एक म्हातारा गेला की एक दफ्तर जळालं असं समजा. जबाब घेताना गावाचं नाव, वाडीचं नाव, रानाचं नाव, ओढ्याचं नाव, कुठल्या साली पाऊस झाला नाही, कुठल्या साली धरणाचं पाणी आलं, सगळं लिहा. खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, तारीख. तीन प्रती करा. एक दाव्याला, एक ग्रामसभेच्या दफ्तरात, एक संघटनेकडं.

ज्या देशात न येणाऱ्या गाडीची जमीन शाबूत राहते, त्या देशात इथं राहणाऱ्या माणसाचीही राहिली पाहिजे. कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं रान!

जिंदाबाद!